कुटुंब क्रमांक सतरा

भूगोल शिकवत होते असं सांगितलं की लोक मला हमखास दोन प्रश्न विचारतात. यंदा पाऊस कसा होणार, आणि आपल्याकडे भूकंप येईल का? दोन्हींची उत्तरं मला येत नाहीत. इंदापूरच्या आमच्या गल्लीतला दूधवाला तर अजूनही मी दिसले की आधी आभाळाकडे बघतो आणि मग माझ्याकडे. वरच्या गोंधळाचा जाब मीच द्यायचा आहे, असा त्याचा चेहरा असतो.

मी शिकवत होते तो मानवी भूगोल. नदी कुठे उगम पावते आणि कुठे मिळते, हा एक भूगोल. त्याच नदीचं पाणी कुणाच्या रानापर्यंत पोचतं, कुणाच्या बांधाशी थांबतं, आणि ज्याच्या बांधाशी थांबतं तो माणूस मग पोटासाठी कुठे जातो, हा दुसरा. बारामतीच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हा दुसरा भूगोल सव्वीस वर्षं शिकवला. पुस्तकातलं शेवटचं प्रकरण असायचं 'जागतिक विषमता'. त्यात जगाचा नकाशा असे. श्रीमंत देश गडद रंगवायचे, गरीब देश फिकट. मुलं दोन रंगांच्या पेन्सिली आणायची, जीभ बाहेर काढून रंगवायची आणि परीक्षेत त्याचे पुरेपूर गुण घ्यायची. कुणाला काही दुखलं-खुपलं नाही असं ते प्रकरण होतं.

खरं तर एवढा लांबचा नकाशा आणायची गरजच नव्हती. आमच्या भागात एका अंगाला कालवा आहे आणि एका अंगाला नाही. कालव्याच्या बाजूला बारा महिने ऊस उभा, आणि सुप्याकडे गेलं की माळ, बोरी-बाभळी आणि नशीब असेल तर उड्या मारत जाणारं चिंकारा. वर्गातही तेच. अंथुर्ण्याकडची मुलं मोटरसायकलवर यायची. वालचंदनगरच्या कॉलनीतल्या मुलींच्या ओढण्यांना इस्त्री असायची. सुप्याकडची मुलं पहिल्या एसटीने येऊन, कॉलेजचं फाटक उघडायची वाट बघत बसायची. ते सगळं रोज डोळ्यांसमोर असताना मी त्यांना आफ्रिकेचा नकाशा दाखवत होते.

आमच्या विषयात प्रत्यक्ष काम म्हणजे ग्रामसर्वेक्षण. दरवर्षी एक गाव निवडायचं आणि घरोघर जाऊन चार पानी फॉर्म भरायचा. माणसं किती, शिकलेली किती, जमीन किती, घर कच्चं की पक्कं, जनावरं, वाहन. बाहेरच्याला वाटतं, यात काय मोठंसं? पण प्रश्न कसा विचारायचा यातच सगळी विद्या आहे. उत्पन्न कधीच आधी विचारायचं नाही. दारातल्या चपला मोजायच्या. 'पाणी आहे का?' असं विचारलं की घरधनी 'हाय' म्हणतो आणि विषय संपतो. 'आज सकाळी पाणी कुणी आणलं?' असं विचारलं की आतून सून बाहेर येते, आणि मग अर्धा तास ती बोलते.

नमुनेही एकेक भेटायचे. एका घराने आम्हाला येताना पाहून टीव्हीवर गोधडी टाकली. त्यांना वाटलं, दारिद्र्यरेषेची यादी करायला माणसं आली. गोधडीखालून मालिकेतली सासू तावातावाने बोलत होती आणि घरधनी शांतपणे सांगत होता, "टीव्ही न्हाय बगा आमच्यात." उलट एका कॉलनीत एका बाईंनी आम्हाला आग्रहाने फ्रिज दाखवला. "फ्रिज आहे, लिहा." एका मुलीने कौतुकाने दार उघडलं तर आत मुलांचे शाळेचे गणवेश घड्या घालून ठेवलेले. फ्रिज कधीचाच बंद पडला होता. ज्याच्याकडे फार कमी आहे तो असलेलं लपवतो आणि ज्याच्याकडे थोडंसं आहे तो नसलेलं लपवतो, असं मी मग दरवर्षी वर्गात हसत हसत सांगायची. मी स्वतः कुठल्या गटात बसते, हा विचार मला शिवला नव्हता.

तो शिवायला लावला अश्विनीने. तिची गोष्ट सांगायची म्हणूनच हा सगळा प्रपंच.

त्या वर्षी आम्ही सुप्याच्या पुढचं एक गाव घेतलं होतं. मुलांचे चार-चारचे गट केले आणि मी एका गटाबरोबर निघाले. त्यात अंथुर्ण्याचा सूरज होता. घरचा ऊस, घरचा ट्रॅक्टर, बोलायला धीट. म्हणून प्रश्न तो विचारायचा. लिहायला अश्विनी होती. अक्षर सुबक, आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. ती हॉस्टेलवर राहते एवढंच मला ठाऊक होतं. प्रवेशअर्जावरचा पत्ताही हॉस्टेलचाच होता. त्या दिवशी सकाळपासून ती ओढणी डोक्यावरून पुढे ओढून, फॉर्मात मान घालूनच चालत होती.

सतराव्या घराच्या चौकटीवर सूरजने खडूने आकडा टाकला. एक खोली, वर पत्रा, पुढे काट्यांचं कुंपण घातलेली मेंढरांची रिकामी जागा. दारात एक म्हातारे आबा बसले होते. डोक्याला लाल पटका, गुडघ्याला फडकं बांधलेलं.

"कुठनं आलासा?" त्यांनी विचारलं.

"बारामतीच्या कॉलेजातनं, आबा. माहिती घ्यायचीय थोडी," सूरज म्हणाला.

आबांनी एकेकाकडे बघितलं. अश्विनीवर नजर जरा जास्त वेळ थांबली. मग म्हणाले, "लांबनं आलासा पोरांनो. इचारा."

"घरात माणसं किती?"

"आता म्या एकटा. लेक आन सून गेल्यात मेंढरांमागं."

"तुमचं वय?"

"कुनाला ठावं. लय झालं."

सूरज हसला. अश्विनीने मान वर न करता लिहिलं.

"वाहन कुठलं आहे? मोटरसायकल, सायकल?"

"घोडी हायती दोन."

"घोडी नाही आबा, सायकल आहे का?"

"सायकल न्हाय. सायकलीवर कोकरू बसत न्हाय."

"वर्षातले किती महिने गावात असता?"

"चार. बाकी आठ कोकणात."

फॉर्ममध्ये असा रकाना नव्हता. सूरजने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हंगामी स्थलांतरित, एवढं लिही आणि पुढे चल." निघताना आबांनी अश्विनीला विचारलं, "पोरी, पानी पितीस का?" तिने नुसती मान हलवली. मला वाटलं, लाजाळू आहे.

आठवड्याने वर्गात निष्कर्ष मांडायचे होते. माझी पद्धत अशी होती की एक कुटुंब फळ्यावर घ्यायचं. नाव सांगायचं नाही, फक्त क्रमांक. मी सतरा घेतलं, कारण त्यात रकान्यामागून रकान्यात 'नाही' होतं आणि शिकवायला ते सोयीचं होतं. जमीन नाही. संडास नाही. टीव्ही नाही. 'घोडी दोन, सायकल नाही' असं लिहिलं तेव्हा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी टापांचा आवाज काढला. मीही हसले. मग खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: अतिमागास. आणि त्याखाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी अश्विनी आली नाही. चार दिवस झाले, आठ झाले. हॉस्टेलवर चौकशी केली तर रेक्टरबाई म्हणाल्या, "ती सामान घेऊन गावी गेली. शिकायचं नाही म्हणते." गाव कुठलं विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. आम्ही सर्वेक्षण केलं होतं, तेच गाव.

मी विभागात येऊन सतरा नंबरचा फॉर्म काढला. वयाच्या रकान्यात अठ्ठ्याहत्तर लिहिलं होतं. आबांनी तर वय सांगितलंच नव्हतं.

रविवारी स्कूटर काढली आणि सुप्याच्या रस्त्याला लागले. दिवाळी चार दिवसांवर होती. अंगणात दोन घोडी बांधलेली होती, घोंगड्या वाळत होत्या. दिवाळी झाली की मेंढरं कोकणाकडे निघायची, त्याची बांधाबांध चालली होती. अश्विनीची आई पोतं शिवत होती. तिने मला बसायला घोंगडी टाकली आणि स्वच्छ सांगून टाकलं, "तिचं शिक्षान झालं बाई. आता येतीया आमच्यासंगं."

अश्विनी खोलीच्या दारात उभी होती. बाहेर आली नाही.

मी आबांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही, ही माझी नात म्हणून?"

"तिनं बगितलं माझ्याकडं. डोळ्यानं म्हनली, न्हाय. मंग न्हाय तर न्हाय." आबा सहज म्हणाले. "पोरीला लाज वाटली आसंल. वयच हाय तसलं."

"मला लाज नव्हती वाटली," अश्विनी दारातूनच म्हणाली. एवढा मोठा आवाज मी तिचा पहिल्यांदा ऐकला. "सूरज सकाळपासून प्रत्येक घराला हसत होता म्हणून मी गप्प बसले. वर्गात तुम्ही सांगाल त्यांना, असं वाटलं होतं. तुम्ही पण हसलात, मॅडम."

मी हसलेच होते.

"पुस्तकात किरगिझ लोक आहेत," ती पुढे म्हणाली. "त्यांचा तंबू, त्यांची घोडी, ते उन्हाळ्यात कुठं जातात, हिवाळ्यात कुठं जातात. तुम्ही तीन तास शिकवलंत. मी सगळं पाठ केलं. एकदा तरी विचारायचं होतं, वर्गात कुणाकडं मेंढरं आहेत का."

आई म्हणाली, "आगं, बाईंना आसं बोलत्यात व्हय?"

"बोलू द्या," मी म्हटलं.

आबांनी मला चहा घ्यायला लावला. मग म्हणाले, "बाई, तुमी खोटं न्हाय लिवलं. चार म्हैन्याचं लिवलं. आठ म्हैन्याचं ऱ्हायलं."

"मग ते सांगा. मी लिहून घेते."

मी वही काढली. आबा सांगायला लागले. पहिला मुक्काम कुठला, दुसरा कुठला, घाट कुठल्या बाजूने उतरायचा, कुठल्या ओढ्याला पाणी असतं आणि कुठल्या गावचं पाणी मेंढरांना बाधतं. कोकणात भात निघालेली रानं असतात. तिथले शेतकरी आधीच सांगावा धाडतात, की यंदा आमच्याकडे बसवा. कळप रानात बसला की खत होतं, त्याबद्दल शेतकरी भात देतो. कुणाचं रान हलकं, कुणाच्या रानाला किती दिवस लागतात, कुणाच्या घरी या वर्षी लग्न आहे, म्हणून त्याच्याकडे आधी गेलं पाहिजे. चाळीस-एक गावं. एकही कागद नाही. मी नकाशे शिकवणारी बाई, माझा हात मागे पडायला लागला.

"आबा, ते गाव आधी नाही. ते नदीच्या पलीकडं," मागून आवाज आला. अश्विनी येऊन माझ्या मागे उभी होती. मग तिने वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच लिहायला बसली. आबा सांगत होते, ती लिहीत होती, आणि दोघांचं दोनदा भांडणही झालं. मी शेजारी बसून ऐकत होते. आयुष्यात मी अनेक चर्चासत्रं ऐकली, पण इतकं शिकल्याचं आठवत नाही.

उन्हं उतरली तशी मी उठले. म्हटलं, "अश्विनी, दिवाळीनंतर ये. मी वर्गात चूक दुरुस्त करते."

तिने वही मिटली. "मॅडम, तुमच्या घराचा फॉर्म भरलाय का कुणी कधी?"

"नाही."

"मग भरा. वर्गात, सगळ्यांसमोर. मी विचारणार. तर येते."

आई हबकली. आबा मात्र गालातल्या गालात हसत होते. मी म्हटलं, "ये."

दिवाळीची सुट्टी मी बेचैनीत काढली. माझ्या फॉर्मात भिण्यासारखं काय होतं? चांगली नोकरी, इंदापुरात पक्कं घर, नळ, संडास, स्कूटर. वडील शिंपी होते, हे मी अभिमानाने सांगत असे. मला वाटलं, अर्ध्या तासात होईल.

अश्विनी आली. मी खुर्ची फळ्यासमोर ठेवली आणि बसले. ती फॉर्म घेऊन उभी राहिली. वर्गात चुळबुळ चालली होती.

"घरात माणसं किती?"

"मी, माझे मिस्टर आणि दोन मुली. चार."

"बाहेरगावी कामाला कुणी आहे?"

"मोठा भाऊ. तो आखातात असतो."

"काय काम?"

"टॉवर मेंटेनन्समध्ये आहे," मी म्हणाले. हे वाक्य इतकी वर्षं इतक्या लोकांना सांगितलं होतं, की ते आपोआप बाहेर पडलं. ऐकणारे 'अच्छा, अच्छा' म्हणायचे आणि त्यांच्या डोळ्यांपुढे टाय लावलेला माणूस उभा राहायचा. तो राहावा म्हणूनच ते वाक्य होतं.

अश्विनीने लिहिलं नाही. फॉर्मवर पेन टेकवून ती थांबली. "म्हणजे नक्की काय करतात, मॅडम? शिक्षण किती?"

आडवा प्रश्न विचारा, हे मीच शिकवलं होतं. मला पहिल्यांदाच कळलं, की उत्तर देणाऱ्याला तो कुठे लागतो.

"तो सातवी शिकलाय," मी म्हटलं. "इंदापुरात सायकलच्या दुकानात होता. आता तिकडे उंच इमारतींच्या काचा पुसतो. दोरावर लटकून. एका खोलीत आठजण राहतात. मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, ते त्याने पाठवलेल्या पैशांवर. आणि आत्ता मी तुम्हाला खोटं सांगत होते."

कुणी हसलं नाही. अश्विनीने सावकाश लिहून घेतलं. मग तिने मला पुढचा प्रश्न विचारला, "ते घरात मोजायचे की नाही?"

"मोज," मी म्हटलं. "पाच लिही."

मग मी उठले आणि जगाचा नकाशा लावला. गडद देश, फिकट देश. त्या वर्षी मी ते प्रकरण भावाच्या खोलीपासून शिकवलं. गडद रंगाच्या देशातल्या एका खोलीत फिकट रंगाच्या देशांतली आठ माणसं राहतात; मग त्या खोलीचा रंग कुठला? ती माणसं घरी पैसे पाठवतात, त्यातून इंदापुरात एक मुलगी प्राध्यापक होते आणि वर्गात उभी राहून एका म्हाताऱ्याला अतिमागास ठरवते. सूरजने हात वर केला. "मॅडम, आमच्या रानात ऊसतोडीची माणसं येऊन राहतात, ती आमच्या गावात मोजायची का त्यांच्या?" मी म्हटलं, "तू सांग." तो खाली बसला आणि तास संपेपर्यंत विचार करत होता. तास संपल्यावर त्याने अश्विनीजवळ जाऊन काहीतरी म्हटलं. काय, ते मी विचारलं नाही. टापांचा आवाज काढणारा तोच होता, हे मला नंतर कळलं.

शुक्रवारी भावाची सुट्टी असते. दुपारी त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. वर्गात काय सांगितलं तेही. मला वाटलं, तो रागावणार.

"भाई?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "मी इथं सगळ्यांना सांगतो, माझी बहीण प्रोफेसर आहे. खोलीतल्या सातही जणांना तुझं नाव पाठ आहे. तू माझं काय सांगतेस, ते कधी विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटायची."

मी रडले. तो मात्र हसायला लागला. "टॉवर मेंटेनन्स! बरं शोधलंस. आमच्या सुपरवायझरला सांगतो, पगार वाढव म्हणून."

अश्विनीचं पुढचं सांगून टाकते. ती बी.ए. झाली. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत भटक्या पशुपालनावर प्रश्न आला होता. तिने किरगिझ लोकांवरच लिहिलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मॅडम, आबांना मार्क नव्हते." आता ती इंदापूर तालुक्यातल्या एका गावात ग्रामसेविका आहे. तिच्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत बाहेर गेलेल्या आणि बाहेरून आलेल्या माणसांची वेगळी पानं आहेत, असं तिच्या गावचे लोक मला कौतुकाने सांगतात. आमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्येही त्या वर्षीपासून दोन बदल झाले. 'कुठे कुठे राहता?' हा रकाना आला, आणि गावात जाण्याआधी प्रत्येक मुलाने आधी स्वतःच्या घराचा फॉर्म भरायचा, हा नियम आला. तो मलाही लागू होता, आणि मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी भरला. या दोन्हींचं श्रेय माझ्याकडे जातं. ते माझं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

पण सगळ्यात जास्त मन भरून येतं ते एका तासाच्या आठवणीने. तो तास मी घेतला नव्हता.

मेंढरं कोकणातून परत आली, कॉलेज सुरू झालं, आणि जुलैत मी आबांना वर्गात बोलावलं. ते यायला तयार नव्हते. "म्या काय शिकवनार? मला वाचता येत न्हाय." अश्विनी त्यांना एसटीने घेऊन आली. पहिल्या वर्षाची नवी मुलं आणि दुसऱ्या वर्षाला गेलेली जुनी, असा वर्ग गच्च भरला होता. अश्विनी फळ्यासमोर उभी राहून म्हणाली, "हे माझे आबा," आणि पुढे काही न बोलता पहिल्या बाकावर जाऊन बसली. मी शेवटच्या बाकावर होते.

आबा खुर्चीत अवघडून बसले. पण कोकणचा रस्ता सुरू झाला आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. घाटात घोडं कसं उतरवायचं, व्यालेली मेंढी मुक्कामाला कशी न्यायची, कुठल्या गावची माणसं वाटेवर येऊन थांबतात. मुलं माना पुढे काढून ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, काही विचारायचंय का? पहिल्या वर्षाची एक मुलगी उठली, वालचंदनगरच्या कॉलनीतली, निरागस.

"आबा, तुम्ही गरीब आहात का?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. अश्विनीची पाठ ताठ झालेली मला मागून दिसली. आबांना मात्र प्रश्न आवडलेला दिसला. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि विचार केला.

"हितं हाय," ते म्हणाले. "तितं न्हाय."

कुणाला कळलं नाही, तेव्हा त्यांनी फोड केली. "कोकनात मानूस वाटंवर येऊन म्हनतो, आबा, आमच्याकडं चला. बसायला पाट देतो. हितं माझ्या गावात टँकर आला की म्या रांगंत शेवटचा. मानूस म्या त्योच." मग त्यांनी वर्गावर नजर फिरवली. "तुमी सांगा की. तुमी कुठं गरीब हायसा?"

वर्ग गोंधळला. मग सूरज उठला. "मी पुण्यात, आबा. आत्याच्या सोसायटीत. लिफ्टमध्ये लोक माझ्या बुटांकडं बघतात." मुलं हसली, पण तो बसला नाही, खरंच सांगत होता. प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "बाबा निवृत्त झाले की आम्हाला क्वार्टर सोडावं लागणार. मग आम्ही कुठले, तेच माहीत नाही." एकजण म्हणाला, इंग्रजीच्या तासाला. एक मुलगी म्हणाली, माहेरी नाही पण सासरी असेन, असं आई म्हणते. एकेकजण उठत होता. घंटा झाली, कुणी जागचं हललं नाही. इतकी वर्षं मी ज्या प्रकरणाचे नकाशे रंगवून घेतले, ते मुलं आता आपापल्या तोंडाने सांगत होती.

आबांनी मान उंच करून मागे पाहिलं. "बाई, तुमी?"

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला.

"भावाच्या खोलीत असेन, आबा," मी म्हटलं. "पण मला माहीत नाही. मी अजून तिकडे गेलेच नाही."

"इतकी वर्सं?"

"हो."

"मंग जाऊन या की," आबा म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. मी त्याच आठवड्यात पासपोर्टचा अर्ज केला, आणि मे महिन्यात भाईला भेटून आले.